बैलांना फक्त मराठी कळतं

सदाकाका, एक प्रश्न आहे.

तुम्ही समोर असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "विचार की. प्रश्नाला हप्ता पडत नाही." विमा कंपनीत उभी हयात घालवलेल्या माणसाचा हा ठेवणीतला विनोद. तो तुम्ही दर रविवारी तितक्याच उत्साहानं करायचात आणि आम्हीही दर रविवारी तितक्याच उत्साहानं कण्हायचो.

तर प्रश्न असा. खेळाडू आला नाही तर काय करायचं, हे आपल्या टेबलावर सगळ्यांना पाठ आहे. पण खेळ चालवणाराच आला नाही तर काय करायचं?

हे मी तुम्हाला पूर्वी एकदा विचारलं होतं, आठवतंय? तुम्ही पोह्यांवरचं खोबरं वेचून खात होतात. "मी न यायला काय झालं? घर माझं, टेबल माझं, मी जाणार कुठं?" आतून काकू म्हणाल्या, "तेच तर! कुठं जातच नाहीत." सगळे हसले, मीही हसले आणि नियम करायचा राहून गेला. आता तुम्ही खरंच गेलात. मला उत्तर हवंय आणि ते विचारायचं तर पुन्हा तुम्हालाच. हा काय घोळ आहे, काका?

घोळ तसा पहिल्या दिवसापासूनचाच. मी नाशिकहून नोकरीसाठी जयपूरला आले त्याच वर्षी, इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत तुम्ही मागे वळून एका अनोळखी मुलीला विचारलंत, "तुम्हाला न हसता खोटं बोलता येतं का?" मी म्हटलं, ऑफिसात रोज बोलते. तुम्ही भलतेच खूश झालात. "मग रविवारी चारला मालवीय नगरला आमच्या घरी या. पेन्सिल आणा." आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, नक्की कुणा भाच्याचं स्थळ असणार, नीट कपडे घालून जा. मी इस्त्रीचा कुर्ता घालून आले. पाहते तर भाचा नाहीच. जेवणाच्या टेबलावर काचेसारखे रंगीत फासे पडलेले, कुठला आठ बाजूंचा, कुठला वीस बाजूंचा. एका बाजूला भंवरजी, ज्यांचा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात लेथ मशीनचा छोटा कारखाना आणि ज्यांच्या नखांतलं ग्रीस रविवारीही जात नाही. दुसऱ्या बाजूला गाल फुगवून बसलेली तुमची लेक ऋता, तेव्हा अकरावीत. मध्ये तुम्ही, समोर तीन घड्यांचा पुठ्ठ्याचा पडदा उभा करून. पडद्याला काकूंनी बगरूचं निळ्या छपाईचं कापड चिकटवलेलं होतं.

"मी सूत्रधार," तुम्ही म्हणालात. "मी सांगणार, तुम्ही कुठं आहात आणि समोर काय आलंय. तुम्ही प्रत्येकानं गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि तो काय करतो ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. झालं."

मी लगेच प्रश्न काढले. नव्या माणसाचे नेहमी तेच प्रश्न असतात, हे मला नंतर कळलं. जिंकायचं कसं? नियमांचं एवढं जाड पुस्तक आधी वाचावं लागतं का? मी कधी नाटकात काम केलेलं नाही, चालेल का? मनाला येईल ते करता येतं का? तुमची उत्तरं ठरलेली होती. पुस्तक मी वाचलंय, तू समोरची माणसं बघ. नाटक नको, नुसतं बोल. मनाला येईल ते कर, मग जे होईल ते निस्तर. आणि जिंकायचं नसतं गं, पुढच्या रविवारी यायचं असतं. चहा येईपर्यंत तुम्ही मला 'अगं-तुगं' करायला लागला होतात.

मला ते शेवटचं उत्तर म्हणजे शुद्ध पळवाट वाटली. मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याच्या कामातली भोकं शोधण्याचा मला पगार मिळतो. मी आठवड्याभरात ते पुस्तक वाचून काढलं आणि पुढची सगळी वर्षं तुमचं डोकं खाल्लं. पानं दाखवून भांडले. तुम्ही पान वाचायचात, मान डोलवायचात, "बरोबर आहे तुझं," म्हणायचात आणि मग तुम्हाला हवं तेच करायचात. काकू म्हणायच्या, लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

पुस्तकात नव्हता आणि तरी सगळ्यांत कडक होता तो गाडीचा नियम. गोष्टीत आम्ही तिघं एका बैलगाडीतून हिंडायचो. मी चोर, ऋता तिरंदाज आणि दिवसभर लोखंड कापणारे भंवरजी म्हणजे रक्त बघून चक्कर येणारे वैद्य. एखाद्या रविवारी कुणी आलं नाही, तर दुसऱ्यांच्या टेबलांवर म्हणे त्याचं पात्र शेजारचा चालवतो, नाहीतर ते तेवढ्यापुरतं गायब होतं. तुम्हाला दोन्ही नापसंत. "जो आला नाही तो गाडीत झोपलाय," तुम्ही म्हणायचात. "त्याच्या तोंडून कुणी बोलायचं नाही. त्याच्या झोळीत हात घालायचा नाही. आणि झोपलेल्याला काही होत नाही, फासा त्याच्यापर्यंत पोचत नाही. पण त्याला सोबत न्यायचं. टाकून जायचं नाही." मी भावाच्या लग्नाला नाशिकला गेले आणि परत आले तर कळलं, यांनी मला झोपेतच अख्ख्या भुतांच्या खिंडीतून पार नेलं होतं. भंवरजींनी छाती फुगवून सांगितलं, "मैडम, आपके ऊपर कंबल भी डाला था." खरं सांगते काका, या गावात मला कुणीतरी आपलं आहे असं पहिल्यांदा वाटलं ते त्या नसलेल्या कांबळ्यामुळे.

गाडी हाकायचा हणमंता. तो आमच्यापैकी कुणाचा नव्हता, तुमचा होता. सूत्रधाराला गोष्टीतली बाकीची सगळीच माणसं बोलावी लागतात. राजे, भुतं, दरोडेखोर, टोलनाक्यावरचे शिपाई, सगळे तुमच्या तोंडून हिंदी बोलायचे, कारण भंवरजींना कळायला हवं. हणमंता मात्र सातारी बोलायचा. "आवं ताईसाब, म्होरं वढा हाय. बैलं बिचकत्यात." भंवरजी माझ्याकडे बघून विचारायचे, "क्या बोला?" आणि मी भाषांतर करायची. बैलांची नावं हौश्या आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब हे तुमच्या पहिल्या शाखाधिकाऱ्यांवरून ठेवलेलं, म्हणून हणमंता त्या बैलाला अहो-जाहो करायचा. आणि बैलांना फक्त मराठी कळायचं. हिंदीत कितीही "रुको रुको" ओरडलं तरी ते चालतच राहायचे आणि गाडी दरीच्या काठापर्यंत जायची. भंवरजी दोन रविवारांत "थांब रं" शिकले. कारखान्यातल्या कारागिरांनाही तेच ओरडतात असं सांगायचे.

ऋता शिकली नाही. म्हणजे तिला येत होतं, पण ती बोलायची नाही. लहानपणी साताऱ्याला गेली की चुलत भावंडं तिच्या मराठीला हसायची, तेव्हापासून तिनं त्या भाषेला कुलूपच लावलं होतं. तुमच्याशी घरीही हिंदीत, फार तर अर्धं-अर्धं, माझ्याशी तेवढं मोडकंतोडकं मराठी. खेळात हणमंताशी ती हिंदीत बोलायची आणि हणमंता सातारीत उत्तर द्यायचा. दोघंही हटायचे नाहीत. बैलांशी बोलायची वेळ आली की मला कोपर मारायची, "ताई, तू बोल ना."

यावरून आपलं किती वाजलं, काका. मी म्हटलं, ही जबरदस्ती आहे, खेळाच्या आडून शिकवणी चालवलीय तुम्ही. तुम्ही डोळे मोठे करून म्हणालात, "मी कुठं शिकवतोय? बैलं अडाणी आहेत, त्याला मी काय करू?" मी म्हटलं, बैल तुम्हीच बनवलेत. तुम्ही म्हणालात, "बैल कुणी बनवत नाही." यावर माणसानं काय बोलायचं? तो वाद तसाच राहिला.

दुसरा वाद मेलेल्यांचा. भंवरजींचा पहिला वैद्य विहिरीत पडून मेला, तर पुढच्या रविवारी ते घेवराची मिठाई घेऊन हजर. "सदाजी, एक बार तो कुएँ से निकाल लो." तुम्ही घेवर खाल्लात, बोटं पुसलीत आणि म्हणालात, नवा माणूस तयार करा. मी पुस्तकातलं पान दाखवलं, मेलेल्याला उठवायचा मंत्र आहे, किंमत मोजली की झालं. "असू दे पुस्तकात. आपल्या टेबलावर मेलेला परत येत नाही. नाहीतर जगलेल्याला काय अर्थ?" तसाच फाशाचा. एकदा टाकला की टाकला, रडून-भेकून परत टाकायचा नाही. हे सगळं ठीक. पण तुम्ही स्वतः फासे टाकायचात ते पडद्यामागे! आम्हाला फक्त आवाज यायचा. मी शंभर वेळा विचारलं असेल, काका, तुम्ही आकडे बदलता ना? आम्हाला वाचवायला? नाहीतर त्या तुटक्या पुलावरून मी पडायलाच हवं होतं. तुम्ही फाशाकडे बघायचात, भुवया जराशा वर, ओठ आत ओढलेले आणि मग अगदी सपाट आवाजात, "ठीक आहे." त्या चेहऱ्यावरून बारा कळायचे ना वीस. "पडद्यामागचं पडद्यामागं," एवढंच उत्तर. न हसता खोटं बोलता येतं का, हे तुम्ही मला विचारलं होतंत!

आणि मग तो रविवार.

नदीला पूर आलेला, गाडी मधोमध. आम्ही तिघं आत, कासरा हणमंताच्या हातात. वरून एक भलामोठा ओंडका वाहत आला. आम्ही सगळे एकदम ओरडायला लागलो. तुम्ही हात वर केलात. "हा हणमंतावर येतोय. त्याचा फासा मी टाकतो." पडद्यामागे फासा खडखडला, थांबला. तुम्ही बघितलंत. तोच चेहरा. आणि तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी."

भंवरजी खुर्चीतून उठलेच. ऋता किंचाळली, "बाबा, ये चीटिंग है!" तुम्ही हसलात आणि चहाला न थांबता आत जाऊन पडलात. फासा पडद्यामागे तसाच राहू दिलात. म्हणालात, कुणी डोकवायचं नाही. आम्ही डोकावलोही नाही, कारण आम्ही मूर्ख, आम्हाला वाटलं रविवार परत येतो.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. हृदय. मला ऑफिसात भंवरजींचा फोन आला, ते नुसतं "मैडम, सदाजी" एवढंच म्हणत होते. मी काय समजायचं ते समजले आणि तरी विचारत राहिले, काय झालं सदाजींना, काय झालं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर काकूंना सांगत होते ते ऋतानं ऐकलं. त्यांनी तुम्हाला शनिवारीच दाखल व्हायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, रविवार झाला की येतो. तुम्ही घरी आल्यावर काकूंनी विचारलं रिपोर्ट कसा आहे, तर तुम्ही म्हणालात, "ठीक आहे."

तो चेहरा कसा असेल हे मला न बघता दिसतं, काका. आणि इथेच माझं सगळं गुंतून बसतं. मागे एका रविवारी माझा चोर त्या तुटक्या पुलावरून पडला नाही तेव्हा त्याच चेहऱ्याचे मी मनातल्या मनात आभार मानले होते. आता तोच चेहरा डोळ्यांसमोर आला की राग येतो, इतका की तुमचा तो पडदा फाडून टाकावासा वाटतो. तुम्ही आमच्यासाठी थांबलात का? एका खेळासाठी? की दवाखान्याची भीती वाटली आणि रविवार हे निमित्त झालं? शनिवारी गेला असतात तर वाचला असतात का, हे डॉक्टरांनीही सांगितलं नाही. ते म्हणाले, सांगता येत नाही. मग कुणाला येतं? तुम्ही गोष्ट अशी मध्येच का तोडलीत? परत येणार याची खात्री होती म्हणून, की खात्री नव्हती म्हणून? मी या प्रश्नांची एक बाजू धरते आणि जेवायच्या वेळेपर्यंत दुसऱ्या बाजूला गेलेली असते.

फाशाचं म्हणाल तर तो गेला. दिवसांना साताऱ्याहून तुमच्या ताई आल्या, त्यांनी पंगतीसाठी टेबल आवरलं. पडद्यामागे रंगीत, पैलू पाडलेले खडे दिसले. जयपूर म्हणजे खडे, एवढं त्यांना ठाऊक. त्यांना वाटलं, सदाला कुणा ज्योतिषानं ग्रहांचे खडे दिलेले असणार. त्यांनी ते सगळे गोळा करून देवघरात चांदीच्या वाटीत ठेवले आणि वर हळद-कुंकू वाहिलं. मी नमस्काराला गेले तर तुमचा वीस बाजूंचा फासा बाळकृष्णाशेजारी बसलेला. एवढ्या दुःखात मला हसू फुटलं आणि मग ते थांबेना, काकूंनी मला पाणी दिलं. वर कुठला आकडा होता ते मी वाकून बघितलंच. पण तो तुमचा नव्हता, ताईंचा होता.

मग ऋता. ती रडली नाही. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्या टेबलावर जेवायलाही बसत नाही, ताट घेऊन खोलीत जाते, तुमचं नाव काढलं की उठून जाते. तूच बघ बाई काही. मी काय बघणार? मी कोण? पण एका संध्याकाळी तीच माझ्या ऑफिसबाहेर चहाच्या टपरीवर येऊन उभी राहिली.

"ताई, तुला माहीत होतं? बाबांच्या हार्टचं?"

"नाही गं. आईशप्पथ नाही."

"मतलब, त्यांनी कोणालाच नाही सांगितलं." ती चहाच्या मातीच्या कुल्हडाच्या काठावर बोट फिरवत राहिली. "ताई, मला तो नंबर पाहिजे. हणमंताचा. बाबांनी बघितला होता ना. त्यांना माहीत होतं हणमंता मेला की नाही. मला का नाही माहीत?"

मी म्हटलं, आपण परत टाकू फासा, सगळ्यांसमोर. ती एकदम उसळली. "नाही! एकदा टाकला तर टाकला. बाबांचा रूल आहे." मग थोड्या वेळानं, शांतपणे, "तू सूत्रधार हो. आणि तू सांग. पण मला खोटं नको. सगळे मला ठीक आहे, ठीक आहे करतात."

आता बघा माझी पंचाईत. हणमंता वाचला म्हणावं, तर ती म्हणणार तूही बाबांसारखीच. वाहून गेला म्हणावं, तर ते माझ्या तोंडून निघणार नाही, आणि तुमच्या टेबलावर मेलेला परत येत नाही. खरं सांगावं, तर खरं मला माहीत नाही. खेळायलाच नको म्हणावं, तर ती पोरगी कायमची त्या पुरात अडकून पडणार. मी पुस्तक काढून पुन्हा चाळलं, पहिल्या पानापासून. भंवरजींना विचारलं. ते म्हणाले, "मैडम, ये तो सदाजी ही बता सकते थे." मी म्हटलं, ते मलाही कळतंय, भंवरजी.

आज दुपारी चारला आम्ही बसलो. तुमच्या खुर्चीत बसवेना, मी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं. काकूंनी देवघरातली वाटी आणून ठेवली, फासे न धुता, कुंकवासकट. भंवरजींनी घेवर आणला होता आणि या खेपेला लाच कुणाला द्यायची हे न कळून तो मांडीवर धरून बसले होते. ऋता आली. टेबलाशी आली, खुर्ची ओढली आणि बसली. काकू दारातून हलल्या नाहीत.

मी पडदा उभा केला. तुम्हाला सांगते, पडद्यामागून जग फार वेगळं दिसतं. सगळे तुमच्याकडे बघत असतात आणि तुमच्याकडे काहीही नसतं. मला वाटायचं, तुमच्याजवळ तिथे सगळं लिहून ठेवलेलं असेल. तिथे एक पुठ्ठा आहे आणि पोह्यांच्या तेलाचे डाग आहेत.

"गाडी नदीच्या मधोमध आहे," मी म्हणाले. "पाणी चाकांच्या वर आलंय. ओंडका..." आणि पुढे काही येईना.

"हणमंताचं काय?" ऋता म्हणाली.

घरून तीन उत्तरं पाठ करून आले होते. एकही आठवलं नाही. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "ऋता, मला खरंच माहीत नाही."

मला वाटलं आता ती उठणार. ती उठली नाही. वाटीतल्या फाशांकडे बघत बसली. भंवरजींनी घेवराचा खोका हळूच टेबलावर ठेवला.

"ताई," तिनं विचारलं, "हणमंता कोणाचा होता?"

"बाबांचा."

"बाबा आज आलेत?"

काय विचारतेय हे मला कळेना. मी मान हलवली, नाही.

"मग," ती म्हणाली आणि एकेक शब्द जुळवत, तुमच्याच चालीवर म्हणाली, "जो आला नाही, तो गाडीत झोपलाय."

काका, मी सगळं पुस्तक दोनदा वाचलं होतं.

"झोपलेल्याला फासा लागत नाही," ती पुढे म्हणाली. आता भरभर, श्वास न घेता. "मतलब, किती पण पडला असेल. बाबांनी बघितला, नाही बघितला, बोलले, नाही बोलले. त्याला काही होत नाही. आपण त्याला घेऊन जायचं."

मी भंवरजींना सांगायला लागले, पण त्यांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "कंबल मैं डालता हूँ."

त्यांनी कांबळं घातलं. मी सांगितलं की हणमंता कूस बदलून झोपलाय, डोक्याखाली मुंडासं आहे. याहून जास्त मी त्याच्या तोंडून काही बोलले नाही. तसा नियम आहे. मग मी सांगितलं की कासरा सुटलाय, पाणी वाढतंय आणि बैल जागच्या जागी थरथरतायत. आणि तुम्ही दर वेळी विचारायचात तेच मी विचारलं, दुसरं मला काही येतच नाही. "मग? आता काय करणार?"

"मी पुढे बसते," ऋता म्हणाली. "मी हाकते."

मग ती थांबली. सवयीनं तिचं कोपर माझ्याकडे वळलं. पण मी आता तिच्या शेजारी नव्हते, पडद्यामागे होते. सूत्रधारानं खेळाडूच्या वतीनं बोलायचं नसतं. मी गप्प राहिले. माझं तोंड शिवशिवत होतं, पण गप्प राहिले.

"चल रं, हौश्या," ती म्हणाली. अगदी बारीक. 'रं' तिला नीट जमला नाही. मग जरा मोठ्यानं, "चला भाऊसाहेब. जोर लावा. घाबरू नका, मी हाय." आणि तिथे तिचा आवाज फुटला आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, काकू येऊन तिच्या केसांतून हात फिरवायला लागल्या आणि ती रडता रडता तेच म्हणत राहिली, चला भाऊसाहेब, चला ना.

तुम्ही जिंकलात असं समजू नका. ती जबरदस्ती होतीच, तो वाद मी सोडलेला नाही. शनिवारचा तर नाहीच नाही. तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतंत. मला अजूनही एकाच वेळी तुमच्यावर ओरडावंसं आणि तुमच्या पाया पडावंसं वाटतं, आणि यातलं आधी काय करायचं ते कळत नाही. गाडीत झोपलेल्या माणसावर ओरडताही येत नाही.

पण मला एवढं कळलं की गाडीचा नियम तुम्ही सूत्रधारासाठी केलाच नव्हतात, आणि तरी तो त्याला पुरला. ही तुमची हुशारी की ऋताची, देव जाणे.

चहा झाला. ऋतानं तोंड धुतलं, परत येऊन बसली आणि म्हणाली, बैल ओढतायत का ते बघायला पाहिजे. मी पडदा घडी करून खाली ठेवला. तिनं वाटीतून तुमचा फासा उचलला, कुंकू लागलेला, दोन्ही तळहातांत खुळखुळवला आणि टेबलावर सोडला. तो घेवराच्या खोक्याला आपटून फिरला आणि थांबला. आम्ही चौघंही वाकलो.

किती पडले ते मी तुम्हाला सांगणार नाही, काका. तुम्हीही सांगितलं नव्हतंत.